मैदानावरचा बिनपगारी प्रशिक्षक

खो-खो, कबड्डी, मल्लखांब या खेळांचा पहिला धडा महाराष्ट्रातली मुले बहुधा पगार न घेणाऱ्या माणसाकडून घेतात. तो कधी मंडळाचा जुना खेळाडू असतो, कधी शाळा सुटल्यावरही मैदानावर थांबणारा क्रीडाशिक्षक, तर कधी दिवसभर बँकेत किंवा दुकानात काम करून संध्याकाळी हजर होणारा गृहस्थ. फक्कीने रेषा तोच आखतो, खांब तोच रोवतो, स्पर्धेला जाताना एसटीची तिकिटे तोच काढतो. एखाद्या मुलाच्या बुटांचे पैसेही पुष्कळदा त्याच्याच खिशातून जातात.

या परंपरेला शंभराहून अधिक वर्षे झाली आहेत. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास खो-खोला नियमांची चौकट दिली. त्याच वर्षी अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. दादरच्या शिवाजी पार्कवर श्री समर्थ व्यायाम मंदिरात अनेक दशके मल्लखांब शिकवणारे उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. दृष्टिहीन मुलांनाही त्यांनी मल्लखांबावर उभे केले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्रातले होते. मंडळांची मैदाने रोज संध्याकाळी चालती ठेवणारी माणसे नसती, तर हे यश दिसले नसते.

हे काम सेवा म्हणून होते, म्हणून त्याला समाजात मान आहे. या मानाची एक अडचणही आहे. फुकट शिकवणाऱ्याला प्रश्न विचारू नये, असा एक अलिखित संकेत पडून गेला आहे. ‘सर एवढा वेळ देतात, वर त्यांनाच काय विचारायचे’, या संकोचापोटी पालक गप्प बसतात, मंडळाचे पदाधिकारी दुर्लक्ष करतात आणि प्रशिक्षकालाही आपण करतो ते बरोबरच असे वाटू लागते. दुखापत मात्र प्रशिक्षकाचा हेतू पाहून होत नाही. मुलांच्या बाबतीत चांगल्या मनाला नेमकी माहिती आणि थोडे कडक नियम यांची जोड लागते. ही माहिती काय आणि हे नियम कोणते, ते क्रमाने पाहणे उपयोगाचे आहे.

सुरुवात मुलाच्या शरीरापासून करावी लागते. वाढत्या वयात लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचा एक मऊ थर असतो आणि हाड तिथूनच लांब होते. स्नायूबंध आणि पूर्ण वाढलेले हाड यांच्या मानाने हा थर नाजूक असतो. त्यामुळे मोठ्या माणसाचा नुसता पाय मुरगळेल अशा धक्क्यात लहान मुलाच्या या थरालाच इजा होऊ शकते आणि तिकडे लक्ष दिले नाही तर हाडाची वाढ वाकडी होते किंवा खुंटते. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलांची चौदाव्याच्या आसपास झपाट्याने वाढते. त्या काळात हाडे पुढे धावतात, स्नायू मागे राहतात आणि गुडघ्याच्या वाटीखालच्या उंचवट्याशी किंवा टाचेच्या मागे दुखू लागते. कालपर्यंत चपळ असलेला मुलगा सहा महिन्यांत एकाएकी वेंधळा झाला, तर त्याला आळशी ठरवण्याआधी त्याची उंची मोजावी. बऱ्याच वेळा उत्तर तिथेच असते.

दुसरा प्रश्न सरावाच्या मात्रेचा. अमेरिकेत हजाराहून अधिक बाल आणि किशोर खेळाडूंच्या पाहणीतून डॉक्टरांनी एक सोपा हिशेब मांडला आहे: मुलाचे वय जितकी वर्षे, त्याहून अधिक तास त्याने आठवड्याला नियोजित सरावात घालवू नयेत. बारा वर्षांच्या मुलीला आठवड्याला बारा तास पुष्कळ झाले. शाळेचा संघ, मंडळाचा संघ आणि सुट्टीतले शिबिर अशा तीन ठिकाणी एकच मूल धावते आणि तिघांपैकी एकाही प्रशिक्षकाला एकूण बेरीज ठाऊक नसते, तेव्हा हा हिशेब कोलमडतो. क्रिकेटमध्ये वेगवान गोलंदाजी करणाऱ्या मुलांच्या कंबरेच्या मणक्याला बारीक चीर पडण्याचे प्रमाण अधिक आढळते. म्हणून इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने वयोगटानुसार एका दिवसात किती षटके टाकायची याची मर्यादाच घालून दिली. आपल्याकडे गल्लोगल्लीच्या अकादम्यांत एकाच उत्साही पोराकडून संध्याकाळभर जाळ्यात गोलंदाजी करून घेतली जाते. आठवड्यातून किमान एक दिवस पूर्ण सुट्टी आणि वर्षातून काही आठवडे दुसऱ्याच खेळाची मजा, एवढे जरी पाळले तरी अतिश्रमाच्या अनेक दुखापती टळतात.

सराव कसा बांधायचा याला शास्त्र आहे. पहिली पंधरा-वीस मिनिटे शरीर तापवण्याची. फुटबॉलमध्ये सात ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी उडी मारून नीट उतरणे, एका पायावर तोल सांभाळणे, पडताना कोलांटी घेणे अशा व्यायामांचा एक छोटा संच तयार करण्यात आला. युरोपातल्या चार देशांत त्याची चाचणी झाली आणि २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: तो नियमित करणाऱ्या संघांत दुखापती जवळजवळ निम्म्याने घटल्या. याला ना यंत्र लागते ना पैसा. खो-खोतला सूर किंवा कबड्डीतली पकड यांनाही हेच तत्त्व लागू पडते. खांबावर सूर मारायला शिकवण्याआधी मुलाला मऊ मातीवर किंवा गादीवर छाती, हात आणि खांदा वाचवून पडता आले पाहिजे. कबड्डीत घोटा पकडायला शिकवताना चढाई करणाऱ्या मुलालाही पाय ओढला गेल्यावर कसे वळायचे हे त्याच दिवशी सांगावे. पकड शिकवायची आणि सुटका पुढच्या महिन्यावर टाकायची, हा क्रम चुकीचा आहे.

मल्लखांबाच्या आखाड्यात ही समज जुनी आहे. एरंडेल लावलेल्या गुळगुळीत खांबावर मूल एकदम वरच्या टोकाला जात नाही. अढी आणि साधी उडी पक्की झाल्यावरच पुढची पायरी येते, खाली गादी असते आणि शिकवणारा हात वर करून खांबाशेजारी उभा असतो. पडण्याची शक्यता गृहीत धरूनच शिकवणे ही या कलेची शिस्त आहे, आणि इतर खेळांच्या प्रशिक्षकांनी ती मुद्दाम जाऊन पाहण्यासारखी आहे.

सरावातला मोठा शत्रू म्हणजे रांग. चाळीस मुले, एक चेंडू आणि एकामागे एक उभे राहून आपल्या पाळीची वाट पाहणे, हे दृश्य फार ठिकाणी दिसते. तासाभरात प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम दीड मिनिट खेळ येतो. उरलेल्या वेळात मुले कंटाळतात, ढकलाढकली करतात आणि मग ओरडा खातात. मैदानाचे चार भाग करून प्रत्येक भागात आठ-दहा मुलांचा छोटा खेळ लावला, मोठ्या मुलांपैकी एकेकाला तिथे उभे केले, तर तेवढ्याच जागेत सगळी मुले सतत हलती राहतात. बेशिस्तीच्या अर्ध्या तक्रारी अशा साध्या मांडणीने मिटतात.

मैदान रोज सुरुवातीला पायी फिरून पाहावे. फुटलेल्या बाटल्यांच्या काचा, खिळे, पावसाने उघडे पडलेले दगड, गणपतीच्या किंवा लग्नाच्या मांडवासाठी खणलेले आणि न बुजवलेले खड्डे, हे सगळे मुलांच्या आधी प्रशिक्षकाच्या पायाला लागले पाहिजे. फुटबॉलचे हलवता येणारे लोखंडी गोल जमिनीला घट्ट बांधलेले नसतील, तर त्यांवर कोणालाही लोंबकळू देऊ नये. असे गोल अंगावर उलटून जगात अनेक मुले दगावली आहेत. मराठवाड्यात आणि विदर्भात एप्रिल-मेमध्ये आणि परतीच्या पावसात विजांचा धोका खरा असतो. गडगडाट ऐकू आला की मुलांना पक्क्या इमारतीत न्यावे, झाडाखाली नव्हे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास खेळ सुरू करू नये.

उन्हाचा विषय याहून नाजूक आहे, कारण आपली बहुतेक शिबिरे उन्हाळ्याच्या सुट्टीतच भरतात. विदर्भात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. कोकणात आकडा कमी असला तरी दमटपणामुळे घाम सुकत नाही आणि अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. शिबिर सकाळी लवकर सुरू करून ऊन चढण्याआधी संपवणे, दर पंधरा-वीस मिनिटांनी सगळ्यांना पाणी प्यायला लावणे आणि पहिले सात-आठ दिवस मेहनत हळूहळू वाढवणे, हे तीन नियम मोडू नयेत. ‘पाणी पिऊ नका, पोटात दुखेल’ ही जुनी समजूत घातक आहे. पाण्याच्या सुट्टीला शिक्षेचे हत्यार करणे तर त्याहून वाईट. एखादे मूल असंबद्ध बोलू लागले, अडखळू लागले, ओकले किंवा कोसळले, तर तो उष्माघात असू शकतो आणि त्यात मिनिटे मोलाची असतात. आधी सावलीत नेऊन अंगावर भरपूर गार पाणी ओतावे, वारा घालावा, शक्य असेल तर पाण्याच्या टाकीत गळ्यापर्यंत बसवून धरावे आणि त्याच वेळी कोणीतरी १०८ ला फोन लावावा. शरीर थंड करणे आधी, वाहतूक नंतर. शुद्ध नीट नसलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते.

डोक्याच्या माराबद्दल मैदानांवर अजून फार अज्ञान आहे. कबड्डीत डोक्याला डोके आपटते, खो-खोत खांबावर कपाळ आदळते, आणि मूल उठून ‘मी ठीक आहे’ म्हणते. बेशुद्धी आली नाही म्हणजे मेंदूला काही झाले नाही, असे नसते. डोके दुखणे, गरगरणे, उजेड सहन न होणे, गुण किती झाले ते न आठवणे, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर त्या दिवशी तो खेळाडू मैदानात परतत नाही. अंतिम सामना असला तरी नाही. मेंदू सावरण्याआधी दुसरा मार बसला तर परिणाम गंभीर होऊ शकतात, आणि मुलांचा मेंदू सावरायला मोठ्यांपेक्षा अधिक दिवस घेतो. आंतरराष्ट्रीय क्रिकेटने २०१९ पासून अशा खेळाडूऐवजी बदली खेळाडू घेण्याची मुभा दिली आहे. पुन्हा पुन्हा उलटी, वाढती डोकेदुखी, झापड येणे किंवा झटका ही लक्षणे असतील, तर घरी न नेता थेट रुग्णालय गाठावे.

इतर प्रथमोपचारांत करण्याइतकेच न करण्याला महत्त्व आहे. ताजी सूज चोळू नये. निखळलेला खांदा किंवा बोट ओढून बसवू नये. मानेला मार लागल्याची शंका असेल तर मुलाला उचलून बसवू नये. बर्फ कापडात गुंडाळून लावावा, अवयव स्थिर ठेवावा आणि डॉक्टरांकडे पाठवावे. हृदय बंद पडल्यास छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब कसे द्यायचे, हे प्रत्येक प्रशिक्षकाने प्रत्यक्ष बाहुलीवर शिकलेले असावे. वाचून ते येत नाही. मैदानावरच्या पेटीत बँडेज आणि जंतुनाशकाबरोबर एक वहीही हवी: प्रत्येक मुलाच्या पालकांचा फोन, दमा, फिट्स, मधुमेह, औषधाची वावडी. दम्याचा पंप घरी विसरून आलेल्या मुलाला त्या दिवशी बाजूला बसवणे हा अन्याय नाही.

शिक्षेचा मुद्दा इथे स्पष्टच मांडला पाहिजे, कारण चांगले प्रशिक्षकही त्यात घसरतात. उशीर झाला की मैदानाला दहा फेऱ्या, खो चुकला की शंभर उठाबशा, ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. सवय नसताना एकदम प्रचंड उठाबशा काढल्यास मांडीच्या स्नायूंचे तंतू तुटतात, त्यांतली द्रव्ये रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडे निकामी होण्यापर्यंत पाळी येते. दुसऱ्या दिवशी लघवी काळ्या चहासारखी होणे ही त्याची खूण आहे आणि ती दिसताच रुग्णालयात जावे लागते. व्यायामाला शिक्षा केले की मुले व्यायामाचाच तिटकारा करतात, हे नुकसान वेगळे. मोठ्या खेळाडूंच्या आठवणींत गुरूच्या थपडेचा किस्सा हमखास कौतुकाने येतो. त्याच थपडेनंतर मैदानावर कधीच न आलेल्या मुलांच्या आठवणी कोणी छापत नाही. ताब्यातल्या मुलाला मारहाण करणे किंवा त्याचा छळ करणे हा बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७५ नुसार गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. उशिरा येणाऱ्या मुलाला खेळ सुरू करण्याची पाळी शेवटी देणे, साहित्य आवरायला लावणे, दोन मिनिटे बाजूला बसवणे, अशा उपायांनी शिस्त अधिक टिकते.

प्रशिक्षकाच्या बोलण्याचा परिणाम मोजता येतो का? सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मोल यांनी १९७० च्या दशकात नेमके हेच केले. त्यांनी लहान मुलांच्या बेसबॉल संघांचे प्रशिक्षक निवडले. हे सगळे पालकांतले हौशी स्वयंसेवक होते. काहींना जेमतेम दोन-अडीच तासांचे प्रशिक्षण दिले: प्रयत्नाला लगेच दाद द्या, चूक झाल्यावर आधी धीर द्या आणि मग पुढच्या वेळी काय करायचे ते सांगा, टोमणे आणि शिक्षा टाळा. पुढे याच पद्धतीच्या एका अभ्यासात असे आढळले की साध्या प्रशिक्षकांच्या हाताखालची २६ टक्के मुले पुढच्या हंगामाला परतलीच नाहीत, तर शिकवलेल्या प्रशिक्षकांची फक्त ५ टक्के मुले गळाली. दोन्हींकडच्या संघांचे सामने जिंकण्याचे प्रमाण सारखेच होते. ज्या मुलांना स्वतःबद्दल मुळात कमी विश्वास होता, त्यांना या वागणुकीचा सर्वाधिक लाभ झाला. म्हणजे मैदानावर ज्याला आपण ‘कच्चा’ म्हणून सोडून देतो, त्याच मुलाला चांगल्या शब्दाची किंमत सगळ्यात जास्त असते.

चांगले बोलणे म्हणजे सगळ्यांना सारखे ‘शाबास’ म्हणणे नव्हे. मुलांना खोटी स्तुती लगेच कळते. ‘छान खेळलीस’ यापेक्षा ‘खो देताना आज तुझा हात आणि आवाज एकदम आले’ हे वाक्य उपयोगी, कारण त्यातून उद्या काय करायचे ते कळते. ‘काय झोपला होतास का?’ या प्रश्नातून काहीच कळत नाही. ‘पाटीवर बसताना टाच उचलून ठेव, म्हणजे उठायला वेळ लागणार नाही’ यातून कळते. चूक सांगायची ती जवळ जाऊन हळू आवाजात आणि कौतुक करायचे ते सगळ्यांसमोर. क्रिकेट प्रशिक्षक रमाकांत आचरेकर शिवाजी पार्कवर यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवत. सचिन तेंडुलकरला बाद करेल त्याला ते मिळे आणि कोणीच बाद करू शकले नाही तर सचिनला. बक्षीस रुपयाचे होते, पण गोलंदाज आणि फलंदाज दोघांचेही मन त्या एका चेंडूवर एकवटत होते. अशी युक्ती शंभर उठाबशांहून किती तरी अधिक शिकवून जाते.

सामन्यात कोणाला खेळवायचे, हा स्वयंसेवक प्रशिक्षकाच्या प्रामाणिकपणाची कसोटी पाहणारा प्रश्न आहे. चौदा वर्षांखालच्या गटात दोन मुलांच्या शारीरिक वाढीत तीन-चार वर्षांचे अंतर असू शकते. लवकर वाढलेला मुलगा आज सगळ्यांना भारी पडतो आणि त्यालाच गुणवान समजले जाते. जगभरच्या अनेक खेळांत असे दिसले आहे की वयोगटाच्या नोंदीच्या तारखेनंतर लगेचच्या महिन्यांत जन्मलेली मुले संघांत जास्त निवडली जातात. ती आठ-दहा महिन्यांनी मोठी असतात, एवढेच. वर्षाच्या शेवटी जन्मलेले मूल मागे पडते, राखीव खेळाडूंत बसते आणि खेळ सोडते. याच्या जोडीला वयचोरी. खोट्या दाखल्यावर खेळवलेला मोठा मुलगा दुसऱ्या मुलाची जागा तर खातोच, शिवाय लहान मुलांना दुखापतही करतो. राज्यात दहावी-बारावीला खेळाडूंना वाढीव गुण मिळतात आणि सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. या सवलती योग्य आहेत, पण प्रमाणपत्राच्या ओढीने पालक आणि पदाधिकारी प्रशिक्षकावर दबाव आणतात, हेही तितकेच खरे. हा दबाव नाकारणे त्याच्या कर्तव्यात येते.

वजनाच्या गटांतही तेच. कबड्डीच्या किशोर गटाला वजनाची मर्यादा आहे. ती गाठण्यासाठी मुलाला उपाशी ठेवणे, पाणी तोडणे, उन्हात जाड कपडे घालून पळवणे हे प्रकार थेट आरोग्यावर घाला आहेत. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कुस्तीगीर विनेश फोगाट १०० ग्रॅम वजन जास्त भरल्यामुळे अंतिम लढतीला मुकली. तिच्याभोवती डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ होते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाभोवती कोणी नसते.

नॉर्वेत मुलांचे बहुतेक संघ पालक स्वयंसेवकच चालवतात. तिथे १९८७ पासून मुलांच्या खेळासाठी स्वतंत्र नियम आहेत. अकरा वर्षांखालच्या मुलांच्या स्पर्धांचे गुणतक्ते आणि क्रमवारी प्रसिद्ध केली जात नाही, लहान वयात राष्ट्रीय अजिंक्यपद नसते, आणि किती खेळायचे यात मुलाचे मत विचारले जाते. सुमारे पंचावन्न लाख लोकसंख्येचा हा देश २०१८ आणि २०२२ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये पदकतालिकेत पहिला आला.

मुलींच्या बाबतीत गळतीचे कारण बहुधा मैदानाबाहेर असते. कपडे बदलायला बंद खोली नाही, जवळ स्वच्छतागृह नाही, पाळीच्या दिवसांत कोणाशी बोलायचे ते ठाऊक नाही, अंधार पडल्यावर घरी सोडायला कोणी नाही. धाराशिवच्या सारिका काळे यांना खो-खोसाठी २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. छोट्या शहरांतून अशा मुली पुढे येतात, पण त्यासाठी सराव उजेडात संपवणे, एका तरी महिलेची कायम उपस्थिती आणि पाळीविषयी सरळ, न लाजता बोलणे एवढी व्यवस्था मंडळाला करता आली पाहिजे.

आता सगळ्यात कठीण विषय. मुलांचे लैंगिक शोषण करणारा माणूस बहुतेक वेळा अनोळखी नसतो. तो विश्वासातला, मदतीला तत्पर आणि पालकांचा लाडका असतो. मुलाला भेटवस्तू देणे, एकट्याला गाडीवरून सोडणे, घरी ‘खास सराव’ ठेवणे, रात्री खासगी निरोप पाठवणे, ‘हे आपल्यातच ठेव’ असे सांगणे, या पायऱ्यांनी तो पुढे सरकतो. त्यामुळे प्रशिक्षकाच्या चारित्र्यावर विसंबून न राहता रीतच अशी ठेवावी की संधी मिळणार नाही. मुलांबरोबर नेहमी किमान दोन प्रौढ हवेत. बंद खोलीत एका मुलाबरोबर कोणी एकटे थांबू नये. बाहेरगावच्या स्पर्धेत प्रशिक्षकाची खोली वेगळी असावी आणि मुलींबरोबर महिला असावी. सूचना पालक असलेल्या व्हॉट्सअॅप गटातच द्याव्यात. मल्लखांबाला किंवा कुस्तीला हात लावून शिकवावेच लागते. ते ‘आता कंबरेला आधार देतो’ असे आधी सांगून, सगळ्यांच्या नजरेसमोर आणि मुलाची तयारी पाहून करावे. हे नियम प्रामाणिक प्रशिक्षकालाही खोट्या आरोपापासून वाचवतात, म्हणून त्यानेच ते आग्रहाने मागावेत.

मुलाने काही सांगितले तर शांतपणे ऐकावे, उलटतपासणी करू नये, ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये. पॉक्सो कायदा, २०१२ प्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलावरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाविषयी लपवल्यास एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. ‘मंडळाचे नाव खराब होईल’ म्हणून प्रकरण आपापसांत मिटवणे हा स्वतंत्र गुन्हा ठरतो. मदतीसाठी १०९८ हा बालकांचा क्रमांक चोवीस तास चालतो. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने महिला आणि अल्पवयीन खेळाडूंच्या संरक्षणासाठी सुरक्षित क्रीडा धोरणाची तरतूद केली. गावपातळीवरच्या मंडळांनी मात्र तिथून काही खाली झिरपण्याची वाट पाहू नये. एक पानाची नियमावली आजही लिहिता येते.

हंगाम सुरू होताना पालकांची एक बैठक घ्यावी. वेळा, खर्च, सगळ्यांना खेळायला मिळेल हे धोरण, तक्रार कोणाकडे करायची, आणि रेषेबाहेरून मुलांना ओरडून सूचना द्यायच्या नाहीत ही विनंती, हे सगळे तिथेच सांगून टाकावे. आई-वडील एका बाजूने आणि सर दुसऱ्या बाजूने ओरडत असतात, तेव्हा मूल कोणाचेच ऐकत नाही आणि खेळातला आनंद हरवून बसते.

प्रशिक्षकालाही शिकावे लागते आणि त्यालाही सांभाळावे लागते. पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ पासून प्रशिक्षक घडवते आणि तिचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र वर्ग नोकरदारालाही सुट्टी काढून करता येण्याजोगा आहे. जाण्या-येण्याचा खर्च, प्रथमोपचाराचे प्रशिक्षण आणि मुलांसह त्याचाही अपघात विमा मंडळाने उचलावा. वर्षातून एकदा मुलांना आणि पालकांना चिठ्ठीवर मत लिहायला सांगावे. वीस वर्षे एकट्याने मैदान ओढणारा माणूस चिडचिडा होतो, तो बहुधा थकव्याने. त्याच्याजवळ दुसरा माणूस उभा राहिला तर तो पुन्हा हसतमुखाने शिकवू लागतो.

बहुतेक मैदानांवर कमी आहे ती या दुसऱ्या माणसाचीच. दोन प्रौढांचा नियम कागदावर लिहिणे सोपे आहे, पण संध्याकाळी साडेपाचला तो दुसरा प्रौढ आणायचा कुठून? त्याला खेळातले काही येण्याची गरज नाही. पाण्याची बादली भरणे, हजेरी घेणे, पडलेल्या मुलाजवळ बसणे आणि तिथे असणे, एवढेच त्याचे काम. ज्यांची मुले मैदानावर जातात अशा प्रत्येक पालकाने आठवड्यातली एक संध्याकाळ त्यासाठी द्यावी.